रिजेक्शनच्या ढिगापासून सुरुवात करा

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: "पश्चिम महाराष्ट्रातील औद्योगिक समूहांची स्पर्धाक्षमता हा माझा पीएच.डी.चा विषय. तंत्रज्ञानातली गुंतवणूक वाढली की प्रदेशाची स्पर्धाक्षमता वाढते, असं गृहीतक धरलं आहे. कोल्हापूरची फाउंड्री हा मुख्य नमुना आहे. जिल्ह्याची कोणती आकडेवारी घेऊ, कोणता निर्देशांक वापरू? आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर या फाउंड्र्यांचं काय होईल?"

निर्देशांकाचं नंतर बघू. आधी गृहीतकाबद्दल बोलतो, कारण तिथे घोटाळा झाला तर पुढचे सगळे तक्ते बरोबर येऊनही प्रबंध चुकीचा होईल. मी बावीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, काढली, त्यातली पहिली नऊ भट्टीवर. त्यानंतर लहान कारखान्यांच्या समूहांचा अभ्यास करणाऱ्या पथकांबरोबर हिंडलो. दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. नवं यंत्र आलं म्हणून प्रदेश पुढे जात नाही. जुना माल बंद पडल्यावर दुसरा माल तितक्याच सफाईने बनवायला जो प्रदेश शिकतो, तो पुढे जातो. म्हणून तुमच्या अभ्यासात मोजायचं ते हे शिकणं. यंत्रांवरची गुंतवणूक हा त्याचा एक भाग झाला, आणि तो नेहमी मोठाच असतो असं नाही.

कोल्हापूर यासाठी फार चांगला नमुना आहे. इथे फाउंड्री का आली, असं विचारलं की लोक शाहू महाराजांचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पण कारणांची साखळी नीट लावायला हवी. 1895 साली शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसली. पुढे राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. पाणी आलं तसा ऊस वाढला, ऊस वाढला तशी चरक, पंप आणि इंजिनं लागायला लागली. ही यंत्रं बाहेरून यायची आणि बिघडायची. दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवणं परवडत नसे, म्हणून दुरुस्ती करणारे मिस्त्री इथेच तयार झाले. दुरुस्ती करता करता सुटे भाग ओतले जाऊ लागले, आणि त्यातून अख्खं ऑइल इंजिन इथेच बनू लागलं. म्हादबा मिस्त्रींचं नाव आजही कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत आदराने घेतलं जातं ते यासाठी. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवला, ही गोष्ट मला याच्यापासून वेगळी वाटत नाही. बाहेरून आलेली वस्तू उघडून बघायची, समजून घ्यायची आणि आपल्या हाताने करायची, ही एकच सवय दोन्हींत दिसते.

शेजारी, सांगली जिल्ह्यात, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथे एक मोठा कारखाना आणि त्याच्याभोवती गाव. उद्यमनगरात शेकडो लहान शेड, कोणीच फार मोठा नाही. हा फरक लक्षात ठेवा. एका मोठ्या कारखान्यात ज्ञान खात्याखात्यांतून फिरतं. लहान शेडच्या वस्तीत ते नोकरी बदलणाऱ्या मोल्डरबरोबर (साचे करणारा), दोन-तीन मालकांचं काम करणाऱ्या पॅटर्नमेकरबरोबर (साच्यासाठी लागणारा नमुना, म्हणजे पॅटर्न, घडवणारा) आणि संध्याकाळच्या चहाबरोबर फिरतं. धंद्यातल्या खुब्या अशा गावाच्या हवेतच असतात, हे आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये इंग्लंडमधल्या उद्योगवस्त्यांबद्दल लिहिलं होतं. कोल्हापुरात ती हवा मी स्वतः घेतली आहे.

आता खरी परीक्षा. शेतीला वीज पोहोचू लागली आणि विहिरीवर ऑइल इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसू लागली. ज्या वस्तूवर उद्यमनगर उभं होतं तिची मागणीच आटत गेली. अर्थशास्त्राच्या साध्या हिशोबाने हा समूह तेव्हाच संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण इंजिनाचा ब्लॉक, हेड आणि फ्लायव्हील ओतणाऱ्या हातांना ट्रॅक्टरचा आणि ट्रकचा ब्लॉक, हेड आणि फ्लायव्हील ओतता येत होतं. त्याच काळात पुणे-पिंपरीत वाहन कारखाने वाढत होते आणि हमरस्ता दारातून जात होता. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि नंतर कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आज या पट्ट्यात सुमारे 300 फाउंड्र्या आहेत असं सांगितलं जातं. म्हणजे वस्तू बदलली आणि कसब टिकलं. कुठल्या कसबाने ही उडी मारू दिली आणि ते कोणाच्या हातात होतं, हा तुमच्या प्रबंधाचा गाभा व्हायला हवा.

त्याच जिल्ह्यात, तीसेक किलोमीटरवर, उलट उदाहरण आहे. ते तुमच्या आराखड्यात नाही, पण ते घातल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नाही असं मी आग्रहाने सांगेन. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. विठ्ठलराव दातारांनी तो आणला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी पाठबळ दिलं. त्या काळाच्या मानाने हे तंत्रज्ञान अगदी पुढचं होतं. पुढे गावात सहकारी सूतगिरणी झाली, वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं, 1999 पासून केंद्राच्या तंत्रज्ञान सुधार निधीतून कर्जाच्या व्याजात सवलतही मिळाली. रेपियर आणि एअरजेट हे नवे, वेगवान माग आले. तरीही साध्या मागांची खडखड आजही गल्लोगल्ली ऐकू येते. पैसा होता, शिक्षण होतं, योजना होती, मग माग का बदलले नाहीत?

याचं उत्तर मजुरीच्या पद्धतीत आहे. गावातले बरेचसे यंत्रमागधारक खर्चीवाले आहेत. व्यापारी सुताची बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) देतो, कापड तो घेऊन जातो, आणि मागवाल्याला पिकावर, म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी मिळते, पैशांत मोजलेली. कापड उत्तम निघालं तर फायदा व्यापाऱ्याचा, डाग पडला तर कपात मागवाल्याची. या रचनेत मागवाल्याने लाखो रुपयांचा माग का घ्यावा? त्याने घेतला नाही हे त्याचं अडाणीपण नव्हे, त्याचा हिशोब बरोबर आहे. सुधारणेचा खर्च एकाने करायचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा अशी जिथे व्यवस्था असते, तिथे अनुदानाने यंत्रं येतात, पण ती ज्यांच्याकडे आधीच बाजार आहे त्यांच्याकडेच जातात. फाउंड्रीत निदान एवढं झालं की कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, बनवणारा थेट वाहन कंपनीशी बोलत होता. तिथला माणूस येऊन शेडमध्ये उभा राहायचा, शिव्या द्यायचा, आणि त्यातूनच शिकणं व्हायचं.

म्हणून तुमचं गृहीतक थोडं फिरवून घ्या: तंत्रज्ञानातली गुंतवणूक तेव्हाच स्पर्धाक्षमतेत उतरते, जेव्हा शिकण्याचा खर्च करणाऱ्यालाच शिकण्याचा लाभ मिळतो. हे तपासता येतं, आणि दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात असल्याने जमीन, जिल्हा प्रशासन, वीजदर, रस्ते हे बरेचसे घटक सारखे राहतात. अशी संधी संशोधकाला सहसा मिळत नाही.

आता मोजायचं काय? फाउंड्रीत मी सगळ्यात आधी रिजेक्शन, म्हणजे दोष निघाल्याने नाकारलेला माल, बघतो. का ते आकड्यांत दाखवतो. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत. समजा एक मध्यम फाउंड्री महिन्याला 300 टन रस, म्हणजे वितळलेला धातू, काढते. रनर (रस साच्यात नेणारी वाट), रायझर (आकसताना रस पुरवणारा साठा) वगैरे परत भट्टीत जाणारा भाग वजा केला की 60 टक्के, म्हणजे 180 टन कास्टिंग ओतलं गेलं. रिजेक्शन 8 टक्के असेल तर चांगला माल 165.6 टन. तेच 4 टक्क्यांवर आणलं तर 172.8 टन. फरक 7.2 टनांचा. माल किलोला 100 रुपयांनी विकला जातो आणि नाकारलेला तुकडा 35 रुपयांच्या भंगाराइतकाच उरतो असं धरलं, तर महिन्याला सुमारे 4 लाख 68 हजार रुपये वाचतात. अर्थात वाढलेल्या मालाला गिऱ्हाईक आहे, हे यात धरलेलं आहे.

याच्यासमोर विजेचा दर ठेवा. टनाला 600 युनिट लागतात असं धरलं तर 300 टनांना 1 लाख 80 हजार युनिट. दर युनिटला एक रुपयाने कमी झाला तर वाचतात 1 लाख 80 हजार रुपये. म्हणजे ज्या एका रुपयासाठी कोल्हापूरचे उद्योजक कर्नाटकात जाण्याची भाषा करत आले आहेत, त्याच्या अडीचपटीहून जास्त रक्कम त्यांच्याच शेडमागच्या ढिगात पडलेली असते. वीजदराची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती खरी आहे, आणि शेजारच्या राज्यात दर कमी असेल तर त्याची झळ लागतेच. पण दरावर मोर्चा काढता येतो, रिजेक्शनवर काढता येत नाही. म्हणून संशोधकांच्या मुलाखतींत वीजदर पहिल्या मिनिटाला येतो आणि रिजेक्शन तासाभरानेही येत नाही. तुम्हाला ते खोदून काढावं लागेल.

वीजदर एवढा महत्त्वाचा का झाला, हेही तंत्रज्ञानातच दडलं आहे. पूर्वी इथे क्युपोला नावाच्या उभ्या भट्ट्या चालायच्या, कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर). कोकमधला गंधक रसात उतरतो आणि एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून मजबूत केलेलं ओतीव लोखंड) करताना हा गंधक अडचणीचा ठरतो, कारण रसात टाकलेलं मॅग्नेशियम आधी त्याच्यातच खर्च होतं. वाहन कंपन्यांना मजबूत एसजी कास्टिंग हवी झाली तशा विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आल्या. रसाची रासायनिक प्रत हातात आली, रसातले घटक मोजणारे स्पेक्ट्रोमीटर आले, पण खर्चाचा मोठा हिस्सा कोककडून विजेकडे गेला. कोल्हापूरला पूर्वी जे भौगोलिक फायदे होते, म्हणजे गोव्याचं पिग आयर्न (कच्चं लोखंड), सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू, त्यांचं महत्त्व संपलं नाही, पण त्यांच्या जोडीला मुंबईत ठरणारा वीजदर येऊन बसला. एका भट्टीच्या बदलाने प्रदेशाच्या बलस्थानांचा क्रमच बदलला. हा बदल तुम्ही वर्षवार मांडू शकलात तर ते मोलाचं काम होईल.

रिजेक्शनचे आकडे मिळवणं अवघड आहे. मालक जो आकडा सांगतो तो गिऱ्हाइकाला सांगितलेला असतो. मी काय करायचो ते सांगतो. फेटलिंगच्या (ओतलेला माल साफ करण्याच्या) जागेजवळ उभं राहायचं आणि नाकारलेल्या मालाचा ढीग बघायचा. ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) जास्त असतील तर वाळूतली ओल, कोअरमधला (साच्यातल्या गाभ्यातला) वायू किंवा मोल्डचं व्हेंटिंग (वायू बाहेर जायच्या वाटा) बघा. वाळू चिकटून आलेली असेल तर वाळूची प्रत, रसाचं तापमान, कोटिंग. श्रिंकेज (धातू आकसल्याने पडलेली पोकळी) असेल तर पॅटर्न आणि रायझरचा हिशोब चुकला आहे, म्हणजे पॅटर्नमेकर आणि मेथडचा माणूस (ओतायची पद्धत ठरवणारा) यांच्यात बोलणं नाही. दोष कोणत्या प्रकारचा आहे यावरून त्या कारखान्याला कोणतं ज्ञान कमी पडतंय हे कळतं, आणि वीस कारखान्यांत एकच दोष दिसला तर ती कमतरता प्रदेशाची आहे. तिथे सामाईक सोय करायला अर्थ आहे: वाळूची चाचणी करणारी प्रयोगशाळा, वापरलेल्या वाळूचं पुनर्चक्रण, ओतकामाचं संगणकावर सिम्युलेशन करून देणारा माणूस.

सामाईक सोयींबद्दल एक अनुभव सांगतो. एका समूहात (गाव सांगत नाही) अनुदानातून फार महागडं चाचणी यंत्र आणलं गेलं. आम्ही दोन वर्षांनी गेलो तेव्हा ते झाकून ठेवलेलं होतं. बिघडलेलं नव्हतं. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाला जो पगार ठरला होता तो एका बऱ्या फाउंड्रीतल्या मेल्टरपेक्षा कमी होता, म्हणून माणूस टिकत नव्हता. प्रकल्प अहवालात यंत्राच्या किमतीला पानंच्या पानं होती आणि या पगाराला एक ओळ. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं, कारण बाहेर पंधरा लहान कारखानदार हीच चाचणी करायला नमुने पुण्याला पाठवत होते. तुमच्या प्रश्नावलीत "सामाईक सुविधा आहे का" असं विचारू नका. "गेल्या महिन्यात तिथे किती नमुने दिले" असं विचारा.

जिल्ह्याच्या आकडेवारीकडे आता येतो. लोकेशन कोशंट काढायला हरकत नाही. जिल्ह्यातल्या रोजगारात ओतकामाचा वाटा, भागिले राज्यातला तोच वाटा. एकापेक्षा बराच मोठा आला की समूह आहे असं म्हणायचं. लोखंडाच्या ओतकामाचा राष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक 2431 आणि इतर धातूंचा 2432. पण हा आकडा तुम्हाला समूह आहे एवढंच सांगेल, आणि ते कोल्हापूरच्या कोणत्याही रिक्षावाल्याला माहीत आहे. शिवाय वार्षिक उद्योग पाहणी नोंदणीकृत कारखान्यांचीच असते. पाच-सहा माणसांची पॅटर्नशॉप आणि लहान मशीनशॉप त्यात येत नाहीत, आणि समूहाचं शिकणं तर तिथेच होतं.

उद्यम नोंदणीचे (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) आकडे वापरताना फार जपा. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली आणि त्याच दिवशी सूक्ष्म, लघु, मध्यमच्या व्याख्या बदलल्या. 1 एप्रिल 2025 पासून त्या पुन्हा बदलल्या: सूक्ष्मसाठी गुंतवणुकीची मर्यादा एक कोटीवरून अडीच कोटी, लघुसाठी दहावरून पंचवीस कोटी. त्यामुळे काल लघु असलेला कारखाना एकही यंत्र न हलवता आज सूक्ष्म होऊ शकतो. दोन वर्षांची तुलना करून "सूक्ष्म उद्योग वाढले" असं लिहिलेले निबंध मी तपासले आहेत, आणि ते परत पाठवताना वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

जिल्हा उत्पन्नाचं तर आणखी जपून. राज्याचे अनेक क्षेत्रांचे अंदाज रोजगारासारख्या निर्देशकांवरून जिल्ह्यांत वाटून जिल्हा उत्पन्न काढलेलं असतं. मग तुम्ही "उत्पादनक्षेत्रातला रोजगार वाढला की जिल्ह्याचं उत्पन्न वाढतं" असं समीकरण मांडलंत, तर ते सुरेख जुळेल, कारण एक आकडा दुसऱ्यातूनच निघाला आहे. मार्गदर्शकांशी याबद्दल आधीच बोलून घ्या.

एक आकडा मात्र मी सगळीकडे विचारतो: बिल दिल्यापासून पैसे किती दिवसांत येतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, आणि आता आयकर कायद्यात भर घालून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी नाकारली जाते. तरतूद चांगली आहे. पण 100 दिवस पैसे अडकलेला कारखानदार नवा मोल्ड प्रयोग म्हणून टाकत नाही, नवा मिश्रधातू करून बघत नाही. त्याच्याकडे चूक करायला पैसा नसतो. पैसे येण्याचे दिवस आणि गेल्या तीन वर्षांत घेतलेली नवी पार्ट नंबरं, म्हणजे नव्याने बनवायला घेतलेले भाग, यांचा संबंध तुम्ही काढलात, तर तो कुठल्याही तयार निर्देशांकापेक्षा जास्त बोलेल असा माझा अंदाज आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल लोक दोन टोकांना बोलतात. मी सुट्या भागांची यादी घेऊन बसतो. इंजिनाचा ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: इलेक्ट्रिक गाडीत हे नाहीत. ब्रेक ड्रम, डिस्क, हब, स्टिअरिंग नकल (चाक वळवणारा सांधा): हे लागणारच. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, मशीन टूल यांची कास्टिंग वेगळ्या बाजारातली आहेत. मोटरची बाह्य कवचं बहुतेक ॲल्युमिनियमची, प्रेशर डायकास्टिंगने होणारी, आणि तिथे आपल्या वाळूच्या मोल्डिंगचं कसब फारसं चालत नाही. मोठ्या दाबाची यंत्रं, पोलादी डाय आणि वेगळंच धातुशास्त्र लागतं. म्हणून "फाउंड्रीवाल्यांनी ॲल्युमिनियमकडे वळावं" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. त्यापेक्षा जवळचं पाऊल म्हणजे ग्रे आयर्नकडून (साध्या ओतीव लोखंडाकडून) एसजीकडे आणि रॉ (नुसत्या ओतलेल्या) कास्टिंगकडून मशीनिंग केलेल्या मालाकडे. एसजीत मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटामिनिटाला उतरत जातो, ओतायला उशीर झाला की हीट (रसाची ती खेप) गेली. ही शिस्त ज्यांनी अंगी बाणवली त्यांना पुढचं पाऊल टाकता येईल. प्रत्येक फाउंड्रीच्या विक्रीत पहिल्या यादीतल्या भागांचा वाटा किती, एवढं जरी तुम्ही पन्नास ठिकाणी लिहून आणलंत तरी धोका नेमका कुठे आहे ते दिसेल.

शेवटी एक जागा सुचवतो, जिथे संशोधक जात नाहीत. जुन्या फाउंड्रीत पॅटर्न ठेवायची खोली किंवा माळा असतो. पुढे ॲल्युमिनियमचे आणि रेझिनचे पॅटर्न, मागे सागवानी, त्यांवर रंगाने पार्ट नंबर, कधी तारीख. अगदी मागच्या कोपऱ्यात ऑइल इंजिनाची फ्लायव्हील सापडतील, मधे पंपाची केसिंग, मग ट्रॅक्टरचे भाग. कोणत्या वर्षी कारखान्याने कोणती उडी मारली ते तिथे क्रमाने लागलेलं असतं, आणि माळ्याची किल्ली ज्याच्याकडे असते त्या माणसाला प्रत्येकाची गोष्ट पाठ असते. त्याला सकाळी गाठा, दुपारी ओतकाम सुरू झालं की तो मोकळा नसतो. पॅटर्न बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात, तेव्हा फोटो काढू नका, वहीत नोंद करा आणि मालकाला ती वाचून दाखवा.